आतला बैल पळतो



मोरोपंतांच्या गावात, बारामतीत, व्याख्यान द्यायचं, तर वेळेची भीती बाळगायचं कारण नाही. ज्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात, त्यांच्या गावाला ऐकायची सवय असणारच. तरीही मी तासाभरात संपवीन. मला सवय पन्नास मिनिटांच्या तासाची आहे, घंटा झाली की मुलं आपोआप वह्या मिटतात.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी गणिताचे होते. मी त्यांचा विद्यार्थी नाही. पण त्यांचे दोन विद्यार्थी पुढे माझ्या वर्गात आले, विमान आणि अवकाश अभियांत्रिकी शिकायला. दोघांनाही एक खोड होती. गणित सोडवण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते समासात लिहून ठेवायचे. मी विचारलं, तर म्हणाले, ‘गुरुजींनी लावलेली सवय आहे, सर.’ आजचं माझं सगळं भाषण त्या समासातल्या आकड्याबद्दल आहे, असं समजा.

मी शिकवतो तो विषय म्हणजे कक्षांचं गणित. उपग्रह पृथ्वीभोवती कसा फिरतो, यान चंद्रावर कुठल्या वाटेनं जातं, एका यानानं दुसऱ्याला गाठायचं तर काय करायचं. सूत्रं फार नाहीत. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम आणि केप्लरचे तीन नियम, एवढं भांडवल. मग विषय अवघड का? मुलं नापास का होतात? त्याहून वाईट म्हणजे, पास होऊनही काही न समजता बाहेर का पडतात?

या सभागृहात पन्नाशीच्या पुढचे पुष्कळ दिसतात. तुमच्यापैकी कितीजणांनी बैलांची मळणी पाहिली आहे? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! मग तुम्हाला खळं सांगायला नको. मधोमध तिवडा रोवलेला. त्याला एका दाव्यानं ओळीनं जुंपलेले चार बैल. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पाय घोळवतो आणि कडेच्या बैलाला सगळ्यात जास्त चालावं लागतं. म्हणून तरणा बैल बाहेर आणि म्हातारा आत. बरोबर?

हे खळं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. खळं न पाहिलेल्या मुलांच्या डोक्यातही ते जत्रेतल्या पाळण्यावरून, सायकलच्या चाकावरून बसलेलं असतं. बाहेरचा जोरात, आतला हळू. आता आकाशात चला. ४०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगानं जातो, दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. तुमच्या टीव्हीचा उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर, त्याचा वेग सेकंदाला तीन किलोमीटर. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्याही पलीकडे, त्याचा वेग जेमतेम एक. आकाशातल्या खळ्यात आतला बैल पळतो आणि बाहेरचा रेंगाळतो. कारण तिथे दावं नाही. जवळच्याला पृथ्वी जोरात ओढते, म्हणून त्याला पडायचं नसेल तर पळावंच लागतं. लांबच्यावरची ओढ सैल, त्याला घाई नाही.

दर वर्षी पहिल्या तासाला मी एकच प्रश्न घालतो. एकाच कक्षेत दोन यानं आहेत. पुढचं तुमच्यापुढे दहा किलोमीटर आहे. त्याला गाठायचं आहे. काय कराल? अंदाज कागदावर लिहा आणि खाली सही करा. सही का? कारण सही नसली की उत्तर सांगितल्यावर सगळेच म्हणतात, ‘सर, मला असंच वाटलं होतं.’

बहुतेक सगळे लिहितात, वेग वाढवू. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानात जेम्स मॅकडिव्हिट यांनी नेमकं हेच केलं. स्वतःच्याच रॉकेटचा रिकामा टप्पा थोड्या अंतरावर तरंगत होता, त्याच्याजवळ जायचं होतं. त्यांनी त्याच्याकडे तोंड करून जोर लावला, तर अंतर वाढायलाच लागलं. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. इंधन निम्म्यावर आलं तेव्हा नाद सोडावा लागला. कसलेला वैमानिक तो. पण त्याचे हात खळ्यातल्या बैलाचे होते.

उत्तर असं आहे, की ब्रेक लावायचा. वेग जरा कमी केला की यान खाली उतरतं. खाली उतरलं की ते आतला बैल होतं. त्याची फेरी लवकर पुरी होते आणि दर फेरीला ते पुढच्या यानाच्या थोडं थोडं जवळ सरकतं. नीट सरकलं की पुन्हा वर चढायचं. आणि वेग वाढवलात तर? वर जाल, बाहेरचा बैल व्हाल, मागे पडाल. एका पोरानं विचारलं होतं, ‘सर, मग एस.टी.ला ब्रेक लावल्यावर ती पुढे का जात नाही?’ वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण तोच खरा प्रश्न आहे. एस.टी.ला खाली पडायला जागा नाही, रस्ता आडवा आहे. उपग्रह मात्र सतत पडतच असतो. ब्रेक लावला की जास्त पडतो, आणि पडताना गमावल्यापेक्षा जास्त वेग कमावतो.

१६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत सुमारे २२० किलोंची दोन यानं आकाशात एकमेकांना जोडली गेली. त्याआधी काही दिवस एक यान दुसऱ्याच्या तीन मीटरपर्यंत नेऊन पुन्हा मागे घेतलं होतं. तेव्हा समाजमाध्यमांवर थट्टा झाली, एवढं जवळ जाऊन परत कशाला फिरले? थट्टा करणाऱ्यांच्या डोक्यात एस.टी. स्टँड होता, फलाटाला गाडी लावायची आणि काय! ज्यानं वरचा कागद एकदा सही करून चुकवला आहे, त्याला ते तीन मीटर कळतात.

विषय अवघड होण्याचं एक कारण हे डोक्यातलं खळं. दुसरी गोष्ट मला जास्त जिव्हाळ्याची आहे, तिथे जरा रेंगाळतो.

आमची मुलं इंग्रजी पुस्तकातून शिकतात. शिकावंच लागतं, तक्रार नाही. पण पुस्तकातल्या कक्षा त्यांना परक्या वाटतात, जणू हा सगळा व्यवहार ह्यूस्टनला किंवा फार तर श्रीहरिकोट्याला चालतो. प्रत्यक्षात कक्षेच्या गणिताचं तयार कोष्टक त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळ्यावर लटकत असतं. कालनिर्णय. किंवा आजोबांकडे असेल तर सोलापूरचं दाते पंचांग.

तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी झाली. तीस तिथ्या, तीनशेसाठ अंश. सरासरी काढली तर एक तिथी २३ तास ३७ मिनिटांची. पण पंचांग उघडून पाहा, सरासरीइतकी तिथी क्वचितच मिळते. एखादी वीस तासांतच आटोपते, एखादी सव्वीस तासांपेक्षाही लांबते. म्हणून कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. आजी म्हणते, ‘यंदा एकादशी दोन दिवस आलीय बाई.’ का आली? चंद्राची कक्षा लंबगोल आहे. पृथ्वीजवळ, सुमारे ३,५६,००० किलोमीटरपर्यंत आला की तो दिवसाला पंधरा अंश पळतो. ४,०६,००० किलोमीटरच्या आसपास लांब गेला की बारा अंशसुद्धा धड होत नाहीत. सूर्याची चालही थोडी कमीजास्त होते, पण मोठा वाटा चंद्राचा. आतला बैल पळतो! हाच केप्लरचा दुसरा नियम. आजीच्या दोन एकादशा आणि इंजिनिअरिंगच्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण, दोन्ही एकच.

याच पंचांगातून मी मुलांना तिसरा नियमही काढायला लावतो. चंद्र त्याच नक्षत्रात परत यायला सव्वासत्तावीस दिवसांच्या किंचित पुढे घेतो. अमावास्येपासून अमावास्या साडेएकोणतीस दिवस. दोन आकडे का, हा प्रश्न पुस्तकात तळटीपेत असतो. पंचांगात नक्षत्राचा रकाना वेगळा आणि तिथीचा वेगळा, त्यामुळे मुलं तिथे चुकत नाहीत. आता सत्तावीस दिवसांत फेरी मारणारा चंद्र पावणेचार लाखांच्या पुढे असेल, तर एका दिवसात फेरी मारणारा उपग्रह किती लांब असेल? सत्तावीसचं घनमूळ तीन, त्याचा वर्ग नऊ. चंद्राच्या अंतराला नवानं भागा. बेचाळीस हजारांच्या वर काहीतरी येतं. त्यातून पृथ्वीची त्रिज्या वजा करा, राहिले छत्तीस हजार किलोमीटर. टीव्हीच्या उपग्रहाची उंची! समासात, पेन्सिलीनं, गणकयंत्राशिवाय. घरी जाताना गच्च्यांवरच्या छत्र्या पाहा, सगळ्यांची तोंडं दक्षिणेच्या बाजूला वळलेली दिसतील. तो उपग्रह विषुववृत्तावर आहे आणि बारामती त्याच्या उत्तरेला अठरा अंशांवर.

इथे एक खुलासा करून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, सरांनी सांगितलं की रॉकेट आपल्या पूर्वजांनीच उडवलं. मी तसं काही म्हणत नाही. पंचांग उपग्रह सोडत नाही आणि पत्रिकाही जुळवायची गरज नाही. मी एवढंच म्हणतो की मोजदाद आपल्या घरात होती आणि तिला मराठी शब्द होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत छापली. पुण्यात लोकमान्य टिळक त्यांच्या हाताखाली गणित शिकले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चं. शब्द तयार असताना आम्ही मुलांना आद्याक्षरं पाठ करायला लावतो.

एक उदाहरण देतो. उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताला जिथे छेदते त्या बिंदूची जागा सांगणारा एक कोन असतो. इंग्रजीत त्याची चार आद्याक्षरं जोडून मुलं त्याला ‘रान’ म्हणतात. आता इंदापूरच्या पोराला रान म्हणजे काय आठवणार? ऊस! अशा छेदबिंदूला आपल्याकडे पात म्हणतात. चंद्राच्या कक्षेचे दोन पात म्हणजे राहू आणि केतू. हे ग्रह नाहीत, राक्षस नाहीत, दोन कक्षा एकमेकींना कापतात ते बिंदू आहेत. राहू उलटा चालतो हे प्रत्येक पंचांगवाल्याला माहीत असतं, साडेअठरा वर्षांहून थोड्या जास्त काळात एक फेरी. का चालतो? सूर्याच्या ओढीनं चंद्राच्या कक्षेची पातळी हळूहळू फिरते म्हणून. एवढं ज्याला कळलं त्याला उपग्रहाचा पात का सरकतो, हे सांगायला मला पाच मिनिटं पुरतात. न कळलेल्याला सूत्र फळ्यावर लिहून एक अख्खा आठवडा पुरत नाही. मी दोन्ही करून पाहिलं आहे. पहिली कितीतरी वर्षं मी आठवडाच घालवला, हे कबूल करतो.

आणि ‘रान’ म्हणून आठवलंय तर उसातच जाऊ. इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीनं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाणी कधी द्यायचं, पीक कुठे पिवळं पडतंय, हे शेतातल्या यंत्रांच्या आणि उपग्रहाच्या चित्रांच्या आधारानं फोनवर सांगतात. असे चित्र काढणारे उपग्रह, उदाहरणार्थ युरोपची सेंटिनेल-२ ची जोडी, ७८६ किलोमीटर उंचीवरून दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात, सकाळी अकराच्या सुमारास. दर वेळी अकराच्याच सुमारास. हे कसं जमतं?

सकाळचं चित्र आणि संध्याकाळचं चित्र ताडून उसाचा रंग कळत नाही, सावल्या बदलतात. म्हणून कक्षेची पातळी सूर्याबरोबर वर्षाला एक चक्कर, म्हणजे रोज जवळजवळ एक अंश फिरली पाहिजे. एवढं अख्खं वर्तुळ आकाशात रोज वळवायला इंधन कुठून आणायचं? आणायचंच नाही. पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्ताशी तिचं पोट ध्रुवाच्या मानानं एकवीस किलोमीटर सुटलेलं आहे. ते पोट कक्षेला तिरकं ओढतं आणि पात सरकतो. साधा पूर्वेकडे जाणारा उपग्रह असेल तर राहूसारखा उलटा, पश्चिमेकडे. पण कक्षा अठ्ठ्याण्णव अंशांनी कलती, म्हणजे ध्रुवावरून थोडी पाठमोरी ठेवली, की पात पूर्वेकडे सरकतो, आणि उंची नीट निवडली तर बरोबर रोज एक अंश. इस्रो आणि नासाचा निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ ला ७४३ किलोमीटरच्या अशाच कक्षेत गेला. वर्गात हे सांगताना माझ्या आवाजात दर वर्षी जरा चढ येतो, असं मुलं म्हणतात. पृथ्वीच्या सुटलेल्या पोटावर तुमच्या उसाची पाळी ठरते हो! नीरा डाव्या कालव्याच्या पाळीपेक्षा ही पाळी वक्तशीर आहे, एवढं म्हणतो आणि पुढे जातो.

इंदापूरकर म्हणत असतील, आमचं नाव कधी येणार? आता येतंय. उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी सगळ्यांना माहीत आहेत. पण इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी ऊस आणि साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर झालं, त्याच वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटांची कवचं तयार होतात, हे पुण्यातल्या माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना माहीत नसतं. याच वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. साखर, जहाज, विमान, मोटार. माणसाला उसंत नव्हती.

पीएसएलव्हीचा पहिला टप्पा म्हणजे २.८ मीटर व्यासाचं पोलादी नळकांडं, पाच तुकडे जोडून केलेलं, त्यात जवळपास १३८ टन घन इंधन. पोलादही साधं नाही, मॅरेजिंग म्हणतात ते, फार ताण सोसणारं. एलव्हीएम-३ च्या बाजूचे दोन बूस्टर तर ३.२ मीटर व्यासाचे, प्रत्येकात २०० टनांहून जास्त इंधन. चांद्रयान-३ त्यांच्या जोरावर १४ जुलै २०२३ ला उडालं. महिनेच्या महिने घडवलेलं, वेल्डिंगचा टाका न् टाका क्ष-किरणांनी तपासलेलं हे कवच काम किती वेळ करतं? पीएसएलव्हीत दोन मिनिटांच्या आत. मग बंगालच्या उपसागरात. ते कक्षेत कधीच जात नाही.

आता कागद घ्या आणि अंदाज लिहा. रॉकेटची मुख्य मेहनत कशात जाते, उंच जाण्यात की आडवं पळण्यात? टीव्हीवर सगळ्यांना ते वर जाताना दिसतं, म्हणून सगळे लिहितात, उंच जाण्यात. हवेचा अडथळा सोडला तर एखादी वस्तू सरळ ४०० किलोमीटर वर फेकायला सेकंदाला पावणेतीन किलोमीटर वेग पुरतो. पण ती खाली येणार. तिथेच राहायचं तर आडवा वेग हवा पावणेआठ. ऊर्जेच्या हिशेबात आठपट. वर जाणं स्वस्त, वर राहणं महाग. जोंधळ्याच्या माळ्यावर उभं राहून ज्यानं गोफण फिरवली आहे त्याला हे हातानं माहीत असतं. गोफणीचं एक टोक सुटलं की दगड आडवा, स्पर्शरेषेनं जातो. पाखरं उडवायला उंची लागत नाही, वेग लागतो.

शेवटचं म्हणजे चुका. आम्ही परीक्षेत चुकीला शून्य देतो. इस्रोचं एक उदाहरण मी दर वर्षी सोडवायला देतो. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं. ते एकदम मंगळाकडे गेलं नाही. पृथ्वीभोवती लंबगोल फेऱ्या घेत, दर वेळी पृथ्वीजवळच्या टोकाला, उपभूशी, थोडं इंजिन पेटवून लांबचं टोक, अपभू, आणखी लांब न्यायचं, असा बेत होता. ११ नोव्हेंबरला वेगात सेकंदाला १३० मीटरची भर पडायची होती, इंधनाचा प्रवाह थांबला आणि पडली फक्त ३५ ची. अपभू ७१,६२३ किलोमीटरवर होता, एक लाखावर जायचा तो ७८,२७६ वर अडला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा इंजिन पेटवलं, सुमारे १२५ मीटरची भर घातली आणि अपभू १,१८,६४२ वर गेला.

मुलांना मी विचारतो, ३५ मीटरला साडेसहा हजार किलोमीटर मिळाले, तर १२५ मीटरला किती? त्रैराशिकानं चोवीस हजारांच्या खाली येतात. मिळाले चाळीस हजार. का? उपभूशी यान सेकंदाला साडेदहा किलोमीटरनं चाललेलं असतं, ३५ मीटर म्हणजे त्याचा एक तृतीयांश टक्का. पण पृथ्वीच्या पकडीतून सुटायच्या वेगाजवळ तुम्ही जसजसे जाता तसतसा एकेक मीटर जास्त मोलाचा होतो. हे ज्या मुलाला त्रैराशिकात चुकल्यावर कळतं, तो पुन्हा कधी विसरत नाही. म्हणून माझ्या प्रश्नपत्रिकेत आता पाच गुण अंदाजाला असतात. अंदाज बरोबर असो वा चूक, तो लिहिला, आणि चूक का झाली ते खाली दोन ओळींत सांगितलं, की गुण पुरे. या पाच गुणांसाठी मी विद्यापीठाच्या बैठकांत तीन वर्षं भांडलो. कुठल्या ते सांगत नाही.

पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी एक किलोचा ‘स्वयम्’ बनवला, तो २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीनं वर नेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरात गेला. मुलं करू शकतात, हा मुद्दा आता वादाचा राहिलेला नाही. इथल्या शाळांतल्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. अकरावीत गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण आलं की सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी वर्गात कालनिर्णय न्या.

आणि इथे बसलेल्या मुलांनो, आजपासून पुढच्या तीस तिथींच्या संपण्याच्या वेळा वहीत उतरवा. एकीतून एक वजा करा, प्रत्येक तिथी किती तासांची ते लिहा आणि त्याचा आलेख काढा. वजाबाकीआधी समासात अंदाज लिहायला विसरू नका. चंद्र कुठल्या दिवशी आपल्या सगळ्यात जवळ होता ते आलेखच सांगेल. ज्याचा आलेख पुरा होईल त्यानं तो मला पोस्टानं पाठवावा, पत्ता कार्यकर्त्यांकडे आहे. उद्या सकाळी दहाच्या गाडीपर्यंत मी गावातच आहे, तोवर कुणाला काही अडलं तर भेटायला या.